गाडी ठेवण्याचा पत्ता

"गाडी रात्री कुठं उभी असणार?" सुर्व्यांनी पेन अर्जावर टेकवून विचारलं.

"गोडोलीत," मी म्हणाले.

"आणि तुम्ही राहता मंगळवार पेठेत."

"हो."

हेमंत, माझा नवरा, शेजारच्या खुर्चीत बसला होता. तो जरा पुढं सरकला. "घरचाच पत्ता टाका हो सुर्वे. बघायला कोण येतंय?"

"कुणी येत नाही, सर. पण काही झालं तर येतात. आणि आले की पहिला प्रश्न हाच असतो." सुर्वे विम्याचे एजंट होते आणि आमच्या शाळेतल्या निम्म्या बायकांचे विमे त्यांच्याकडे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "गोडोलीत कुणाकडे?"

"गणपत पिसाळ. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत."

"नातेवाईक?"

"नाही. त्यांची नात माझ्या वर्गात होती."

"भाडं देता?"

"ते घेत नाहीत."

सुर्व्यांनी भुवया वर केल्या, पण लिहिलं. मग म्हणाले, "वेगळा पत्ता दिला की कंपनी चार प्रश्न जास्त विचारते, मॅडम. पुन्हा म्हणू नका सांगितलं नाही."

"विचारू देत," मी म्हणाले. मी गणित शिकवायचे. उत्तराच्या रकान्यात खरं उत्तर लिहायचं, एवढंच मला कळत होतं.

ही दोन हजार चार सालची गोष्ट. सातारच्या आमच्या बोळात समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकीला मागं जावं लागायचं. तिथं चारचाकी आणायचा विचारही कुणी केला नव्हता. मी केला. पाच वर्षं वापरलेली, चंदेरी रंगाची छोटी गाडी माझ्या नावावर घेतली, लायसन काढलं, आणि वर्गात कधीतरी बोलता बोलता "ठेवायची कुठं हाच प्रश्न आहे" असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी पिसाळांची नात निरोप घेऊन आली. आजोबा म्हणतात, आमच्या अंगणात लावा.

पिसाळमामांचं अंगण मोठं होतं. एका बाजूला पत्र्याची शेड, समोर लोखंडी फाटक, त्याला नुसती कडी. मामांनी एकतीस वर्षं एसटी चालवली होती, महाबळेश्वरच्या घाटात, पावसाळ्यासकट. एकही अपघात नाही. हे ते स्वतः सांगत नसत, त्यांच्या पत्नी, काकू, सांगायच्या. मी रोज शाळा सुटली की साडेपाचला तिथं जायचे, मामा शेजारी बसायचे आणि आम्ही कोरेगावच्या रस्त्यानं पाच-सात किलोमीटर जाऊन यायचो. परत आल्यावर काकूंचा चहा. गाडी दोन दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते म्हणून एक किल्ली मी मामांकडेच ठेवली होती. ती त्यांच्या ओसरीवर खिळ्याला टांगलेली असायची. दुसरी माझ्या कपाटात.

चार महिने असे गेले.

मार्च महिन्यातल्या एका रविवारी मी कराडला गेले होते, दहावीच्या पेपरतपासणीच्या बैठकीला. संध्याकाळी परत आले तर हेमंतच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. "बादली उचलताना हात लचकला," तो म्हणाला. मी तेल गरम करून दिलं.

सोमवारी साडेपाचला गोडोलीत पोचले. फाटक उघडलं आणि जागीच थांबले. गाडीचा डावीकडचा दिवा फुटला होता, बंपर आत गेला होता आणि बॉनेट एका कोपऱ्यात उचकटल्यासारखं वर आलं होतं.

पिसाळमामा ओसरीवर उभे होते. ते पायऱ्या उतरून आले नाहीत.

"आलात?" ते म्हणाले.

"मामा, हे काय झालं?"

"तेच मी म्हणतोय. काय झालं हे?"

त्यांचा आवाज रोजचा नव्हता. मी त्यांच्याकडं बघितलं, ते माझ्याकडं बघत राहिले. काहीतरी सांगायचं राहिलंय आणि ते मीच सांगावं, असं काहीतरी त्या बघण्यात होतं. मला ते वेगळंच वाटलं. मला वाटलं, माणूस अंदाज घेतोय, हिला किती कळलंय याचा.

"तुम्हाला कधी दिसलं?"

"काल रात्री. आलो तेव्हा."

"कुठून आलात?"

"लोणंदहून." एवढंच बोलून ते आत गेले. चहा आला नाही. काकू खिडकीतून दिसल्या, पण बाहेर आल्या नाहीत.

घरी येऊन मी हेमंतला सगळं सांगितलं. तो जेवत होता. डाव्या हातानं, चमच्यानं. "सोडून दे," तो म्हणाला. "किती लागणार आहे? क्लेमबिम करत बसू नकोस. उगाच ताप."

"प्रश्न क्लेमचा नाही. गाडी अंगणात उभी होती. ती आपोआप कशी फुटेल?"

"कुणी दगड मारला असेल."

"दगडानं बंपर आत जात नाही, हेमंत."

तो पाणी पिऊन म्हणाला, "किल्ली तिथंच असते ना एक?"

पिसाळांचं नाव त्यानं घेतलं नाही. त्या रात्री नाही आणि नंतरही कधी नाही. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

मंगळवारी मी सुर्व्यांना कळवलं आणि बुधवारी कंपनीचे सर्व्हेअर आले. खर्डेकर नावाचे बारीक अंगाचे गृहस्थ. इतकं हळू बोलायचे की त्यांच्याजवळ जाऊन उभं राहावं लागे. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली बसून बंपरवर नख घासलं आणि बोट मला दाखवलं. बोटावर पांढरी-पिवळी पूड होती.

"मैलाच्या दगडाचा रंग," ते म्हणाले. "अंगणात मैलाचा दगड आहे का?"

"नाही."

"म्हणजे गाडी या फाटकातून बाहेर गेली, धडकली आणि परत आली. व्यवस्थित जागेवर लावली, फाटकाची कडी घातली." ते किंचित हसले. "चोर गाडी परत आणत नाहीत, मॅडम."

मामा शेडच्या खांबाला टेकून उभे होते. खर्डेकरांनी त्यांना विचारलं, "तुम्ही चालवली?"

"मी घरी न्हवतो."

"लायसन आहे?"

"संपलंय. मागल्या साली."

"अस्सं," खर्डेकर म्हणाले आणि लिहून घेतलं. मामांनी माझ्याकडं पाहिलं. आता मी काहीतरी बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती, हे मला स्पष्ट दिसलं. मी खाली बघितलं.

रस्त्यावर आल्यावर खर्डेकर म्हणाले, "तुम्ही पत्ता खरा लिहिलात, चांगलं केलंत. पण आता किल्ली ज्याच्याकडे होती त्यानं तुमच्या परवानगीनं चालवली असेल, तर लायसन नसलेल्या माणसाला गाडी दिल्यासारखं होतं. क्लेम बंद. परवानगीशिवाय चालवली असेल तर पोलिसात तक्रार लागेल. दोन्हींतलं काय ते तुम्हाला माहीत."

"मी कधीच परवानगी दिली नव्हती. फक्त चालू करून बंद करायची."

"मग तसं लिहून द्या."

दोन दिवस मी तेच घोळवत राहिले. शाळेत फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता थांबायचे. मामा भाडं का घेत नव्हते? चार महिने शेजारी बसून शिकवायची त्यांना काय हौस होती? मी नसताना ते गाडी फिरवत असतील, म्हणून तर अंगण दिलं नसेल? किलोमीटरचे आकडे मी कधी लिहून ठेवले नव्हते. आता ते लिहायला हवे होते असं वाटू लागलं. मला चहा देणाऱ्या काकूंचंही वागणं मी तपासून बघू लागले. एकदा संशय घ्यायचा ठरवला की सगळं त्यात बसतं. मी ते बसवत गेले.

शुक्रवारी संध्याकाळी मी हेमंतला म्हणाले, "तक्रार द्यायची."

"द्यायलाच हवी का?"

"एक माणूस माझी गाडी ठोकून वर मलाच विचारतो, काय झालं हे. मला सहन होत नाही. तू लिही. तुला सरकारी भाषा येते."

तो जिल्हा परिषदेत वरिष्ठ लेखनिक होता. त्याच्या मसुद्यांवर साहेब एक शब्दही न बदलता सही करायचे. "माझा हात," तो म्हणाला आणि बँडेज दाखवलं. "तू लिही. मी सांगतो."

मी टेबलापाशी बसले. तो पाठीमागं उभा राहिला. मी लिहिलं की माझी गाडी श्री. गणपत पिसाळ यांच्याकडे विश्वासानं ठेवली होती आणि त्यांनी ती माझ्या नकळत वापरली.

"'माझ्या संमतीविना व अपरोक्ष' असं कर," हेमंत म्हणाला.

मी खोडून तसं केलं. संमतीमधली वेलांटी चुकली होती. तीही त्यानं दाखवली. रात्री आठच्या आत आम्ही अर्ज चौकीत देऊन आलो.

शनिवारी शाळा सकाळची होती. बाराला हवालदार मान्यांचा फोन आला. किल्लीबद्दल दोन गोष्टी विचारायच्या आहेत, या. हेमंत बरोबर आला. तो येत नव्हता, मीच आग्रह केला.

चौकीच्या व्हरांड्यात बाकावर पिसाळमामा बसले होते. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून कागदाची चौकट डोकावत होती. एसटीनं दिलेलं प्रमाणपत्र होतं ते, एकतीस वर्षांच्या विनाअपघात सेवेचं. नंतर कळलं, सकाळी नऊपासून ते तिथं होते, आणि ते प्रमाणपत्र त्यांना कुणी मागितलं नव्हतं. मी समोरून गेले तरी त्यांनी मान वर केली नाही.

हवालदार मान्यांनी आम्हाला आत बसवलं.

"बाई, तुमचं म्हणणं यांनी रविवारी गाडी नेली."

"हो. किल्ली त्यांच्याकडे होती."

"हे घरचे सगळे रविवारी सकाळच्या एसटीनं लोणंदला गेले. भाचीची हळद. मी लोणंदला फोन करून खात्री केली. हळदीला पन्नास माणसं होती. परत आले रात्री सातला." त्यांनी वहीचं पान उलटलं. "शेजारच्या बाई म्हणतात, दुपारी चारला गाडी बाहेर गेली, पाचच्या सुमारास आली. त्यांनी आवाज ऐकला, डोकावल्या नाहीत. त्यांना वाटलं मॅडमच असतील. आणि यांची किल्ली जाताना घरात ठेवून कुलूप लावलं होतं, रात्री आले तेव्हा ती आतच होती. तेव्हा आता दुसऱ्या किल्लीचं सांगा."

"ती माझ्याकडे असते."

"रविवारी तुम्ही कुठं होतात?"

"कराडला. बैठकीला."

"किल्ली बरोबर नेली होती?"

"नाही. घरी होती, कपाटात."

"घरी कोण होतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. हेमंत शेजारीच बसला होता. तो डाव्या हातानं मनगटावरचं बँडेज गुंडाळत होता. सुटलेलं टोक घट्ट करायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. मी ते बँडेज बघत राहिले.

"मी जरा बाहेर थांबतो," तो म्हणाला आणि उठून गेला.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "बाई, पाणी हवंय का?"

मी "आले" म्हणाले आणि बाहेर गेले.

तो चौकीमागच्या कडुनिंबाखाली, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या पलीकडं उभा होता.

"सांग," मी म्हणाले.

"वृंदा, मला फक्त बघायचं होतं जमतंय का." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तू चालवतेस आणि मी शेजारी बसतो. ऑफिसातले बघतात. म्हटलं, हळूहळू शिकून एकदम तुला दाखवावं. ते लोक घरी नव्हते. कोरेगाव रस्त्याला समोरून ट्रक आला, मी गोंधळलो. पुढं काय झालं कळलंच नाही."

"हे नाही विचारत."

"मग काय?"

"काल मी लिहीत होते. तू मागं उभा होतास."

त्यानं बँडेजचं टोक आत खोचलं.

"तू मला शब्द सांगितलास, हेमंत. माझी वेलांटी सुधारलीस."

"तू इतकी ठाम होतीस," तो म्हणाला. "मला मध्ये थांबवताच आलं नाही. आणि वाटलं, म्हातारा माणूस आहे, समज देऊन सोडतील."

मी परत फिरले. तो मागून आला, पहिल्यांदाच माझा दंड धरला. "निदान नाव घालू नकोस. माझ्याकडे लायसन नाही. सरकारी नोकरी आहे माझी. वृंदा, ऐक."

मी आत गेले आणि हवालदारांकडे कोरा कागद मागितला. तक्रार मागं घेत आहे, असं लिहिलं. श्री. पिसाळ यांचा यात काहीही संबंध नाही, असं लिहिलं. पुढं लिहिलं की गाडी घरातील व्यक्तीनं घरातल्या किल्लीनं नेली होती. नाव लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. शेवटी तसंच ठेवून सही केली.

मान्यांनी कागद वाचला. "घरातील व्यक्ती. घरात किती व्यक्ती आहेत, बाई?"

"दोन."

त्यांनी कागद फायलीत ठेवला. नाव विचारलं नाही.

बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता.

सोमवारी मी सुर्व्यांना सांगून क्लेम काढून घेतला. कारण त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांच्यासमोर नाव घ्यायला मला काही वाटलं नाही, हे चमत्कारिकच. हेमंत आणि मी आजही एकाच घरात राहतो. त्यानं पुढं लायसन काढलं, चालवतोही चांगली. त्या शुक्रवारच्या संध्याकाळबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. दोघांनाही ती पाठ आहे.

पण मला सांगायचं आहे ते मधल्या रविवारचं.

सकाळी दहाला मी गोडोलीत गेले. मामा अंगणात झाडांना पाणी घालत होते. काकू दारात आल्या, मला बघून आत वळल्या.

"मामा," मी म्हणाले. पुढं काय म्हणायचं ते रात्रभर जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. "माझं चुकलं."

त्यांनी नळ बंद केला. नळीची गुंडाळी करून भिंतीशी ठेवली. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"शेजारणीनं सांगितलं होतं, गाडी गेली आणि आली म्हणून. मला वाटलं तुम्हीच न्हेली," ते म्हणाले. "म्हणलं, एकट्या गेल्या, ठोकली, घाबरल्या असतील. सोमवारी आल्या की सांगतील. मी वाट बघत उभा होतो. आणि तुम्ही मलाच विचारायला लागला, काय झालं म्हणून. म्हणलं, बाई नाटक करतीय."

"मला वाटलं, तुम्ही—"

"व्हय. ते कागदावर वाचलं की."

अंगणात सांडलेलं पाणी माझ्या चपलेपर्यंत आलं होतं.

"मॅडम, एक सांगा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "त्या खर्डेकराला विचारलंत, एजंटाला विचारलंत, पोलिसाला विचारलंत. मला एकदा नीट विचारायचं होतं. मामा, तुम्ही न्हेली का? मी सांगितलं असतं, न्हाय. मग मीबी तुम्हाला विचारलं असतं. तिथल्या तिथं मिटलं असतं."

"हो."

"का न्हाय विचारलंत?"

उत्तर थोडंफार होतं, ते त्यांच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. मनातल्या मनात मी त्यांना आधीच विचारलं होतं, त्यांच्या वतीनं उत्तरही देऊन टाकलं होतं आणि ते तपासून चूकही ठरवलं होतं.

मामा फाटकाकडं गेले, कडी काढली आणि दोन्ही दारं भिंतीपर्यंत उघडली.

"गाडी काढा," ते म्हणाले.

"मामा, मी नंतर कुणाला तरी घेऊन—"

"आत्ताच काढा."

मी गाडीत बसले. या अंगणातून गाडी मागं घेत एकटीनं मी कधी बाहेर काढली नव्हती. मामा मागं उभे राहून हातानं सांगायचे, मी आरशात त्यांचा हात बघत यायचे. आज आरशात नुसतं फाटक होतं. ते बाजूला, शेडपाशी, पाठ करून उभे होते.

मी रिव्हर्स टाकला. गाडी हळूहळू मागं सरकू लागली. डोळ्यांत पाणी होतं, त्यात आरसा सगळा वितळला होता. खांब उजवीकडं आहे की डावीकडं तेही कळेना, पण थांबून त्यांना हाक मारायचा मला अधिकार उरला नव्हता. मी क्लच सोडत गेले.

"थांबा!"

मी ब्रेक दाबला. मामा वळले होते. त्यांचा हात वर होता, पंजा उघडा. खांब मागच्या दिव्यापासून चार बोटं होता.

"चाक सरळ करा," ते म्हणाले. "आता डावीकडं. आणखी. येऊ द्या, येऊ द्या... बास."

गाडी रस्त्यावर आली. मी काच खाली केली. त्यांनी हात खाली घेतला, माझ्याकडं न बघता फाटकाची दोन्ही दारं ओढली आणि आतून कडी घातली.